पिल्लं उडेपर्यंत पंखा बंद

१२ जून, शुक्रवार

आज गावातल्या ज्येष्ठ मंडळाची सहल आमच्याकडे आली. वीस आज्या, चार आजोबा, आणि प्रत्येकाच्या हातात बार्लीच्या गार चहाची बाटली. मी त्यांना काचेच्या पाट्या दाखवल्या. दोनशे चाळीस पाट्या, डोंगराकडे पाठ आणि दक्षिणेकडे तोंड. म्हटलं, काचेवर आमची पावडर आहे, वरून पाण्याचा पातळ थर आहे, ऊन पडलं की पाणी फुटतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन. वीज नको, धूर नाही, आवाज नाही. एक आजी म्हणाली, "सगळं आपोआप होतं, मग एवढी माणसं कशाला पोसतात?" एवढी म्हणजे आम्ही दोघं. मी आणि एबिहारा.

मग नेहमीचा खेळ केला. साबणाच्या पाण्यात नळी बुडवून बोराएवढा एक बुडबुडा काढला आणि लांब काडीने पेटवला. असा काही बार उडाला की दोन आजोबांनी कानातली यंत्रं काढून तपासली. तीच आजी पुन्हा पुढे. "एवढ्याशाचा एवढा आवाज? खोलीभर असला तर?"

"मग आजी, सांगायला मीही नसेन आणि ऐकायला तुम्हीही नसाल."

सगळे खूप हसले. मला असे पाहुणे आवडतात.

दोन्ही वायू पाट्यांमधून एकत्रच निघतात, तेच आमचं जुनं दुखणं. ते वेगळे करायचे पत्र्याच्या खोलीत. गाळणीची खोली म्हणतो आम्ही तिला. ती एबिहाराची. पाट्या माझ्या. तिथला ठिणगी न उडवणारा पंखा मार्चमध्ये जळाला, नवा ऑगस्टशिवाय येत नाही म्हणतात. तोवर मी बाजारातून साधा घरगुती पंखा आणून लावलाय. बटण दाबलं की आत बारीक निळी ठिणगी दिसते खरी. पण तो सतत चालूच असतो, आणि चालू असला की वायू साठतच नाही, मग ठिणगीला खायला काय मिळणार? एबिहाराला हे पटलेलं नाही. तिला पटणारी गोष्ट मी अजून पाहिलेली नाही.

१५ जून

आमच्या केंद्राचे प्रमुख, शिओबारा-सेन्सेई, यांचा फोन. वरच्यांनी शेवटची मुदत दिली. चोवीस जून ते तेवीस जुलै, सलग तीस दिवस मोजणी. सरासरी दीड टक्का आली तर केंद्र राहील. नाही आली तर पाट्या भंगारात आणि जमीन मूळ मालकाला, त्या चेस्टनटवाल्या बागायतदाराला परत. मध्ये काही कारणाने यंत्रणा बंद पडली तर मोजणी रद्द, दुसरी संधी नाही. चोवीस जुलैला सकाळी दहा वाजता वरचे लोक स्वतः बघायला येणार.

घरी बायकोला, हिसाएला, सांगितलं. ती भात वाढता वाढता थांबली. "शंभर भाग उन्हातलं दीड? आणि त्याच्यामागे तुम्ही अठ्ठावीस वर्षं घातलीत?"

आत्ता आम्ही एक पूर्णांक एकवर आहोत. येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. माझ्यामागे त्या पाट्या उभ्या राहाव्यात एवढंच मागणं आहे माझं. भंगाराच्या गाडीत काच कशी फुटते ते मी एकदा ऐकलंय. मला भीती वाटते, हे इथे लिहितो, बाहेर कोणाला सांगणार नाही.

२० जून

पावडरीचा नवा हात सगळ्या पाट्यांवर देऊन झाला. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर, मध्ये दोन दिवस सावलीत वाळवण. उन्हात वाळवलं की भेगा पडतात, हे कळायला मला अकरा वर्षं लागली. पाण्याचा थरही निम्मा केला. आज ढगाळ असून एक पूर्णांक अडतीस!

दुसरी बातमी. गाळणीच्या खोलीत भिंगरी पक्ष्यांच्या जोडप्याने घरटं केलंय. आढ्याखालच्या वाशावर, पंख्यापासून हातभर. दारावरची काच आम्ही उकाड्यामुळे उघडी ठेवतो, तिथून आत-बाहेर करतात. एबिहाराने शिडीवर चढून आरशात पाहिलं. पाच अंडी.

भिंगरीने घर केलं की त्या घराला आगीचं भय नाही, असं हिसाए अगदी मनापासून मानते. ऐकून मला बरं वाटलं. या महिन्यात मी कसल्याही शकुनाला नाही म्हणणार नाही.

अडचण पंख्याची. दुपारी मादी घरट्यात शिरताना वाऱ्याच्या झोताने भिंतीवर आपटली आणि बराच वेळ खाली बसून राहिली. मी पंखा बंद केला. एबिहारा म्हणाली, "नुमाजिरी-सान, पंखा बंद ठेवून खोली चालवायची नाही असं आपणच लिहिलंय."

"आपणच लिहिलंय की आढ्याला दोन्हीकडे झडपा आहेत म्हणून. हलका वायू वर जातो, झडपांतून निघून जातो. पंखा हे वरचं तूप आहे."

"वरचं तूप," ती म्हणाली. पण घरट्याकडे बघत होती. शेवटी तिनेच कागद आणला आणि तिच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं, "पिल्लं उडेपर्यंत पंखा बंद." कोपऱ्यात छोटी भिंगरी काढली. बटणावर चिकटवला. घरट्याखाली विष्ठा झेलायला मी एक फळी ठोकली. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवरसुद्धा लोक ठोकतात, त्यात विशेष काही नाही.

२४ जून, बुधवार

मोजणी सुरू. सकाळी दोघं नेहमीसारखे रांगेने फिरलो, एकेका वस्तूकडे बोट दाखवून मोठ्याने बोलत. "पाणी, ठीक! दाब, ठीक! झडपा, ठीक!" पंख्यापाशी एबिहारा थबकली. काय म्हणायचं? मी बोट दाखवून ओरडलो, "पंखा बंद, पिल्लांसाठी, ठीक!" ती हसायला लागली. मग तीही ओरडली.

एक पूर्णांक चव्वेचाळीस.

३ जुलै, शुक्रवार

पिल्लं बाहेर आली. पाचही. नुसती तोंडंच तोंडं.

आणि आजच धामण! चांगली वावभर लांब, पत्र्यावरून सरपटत झडपेतून डोकं आत घालत होती. एबिहारा किंचाळली नाही, तिने झाडू घेतला. मी बांबूने धामणीला खाली पाडलं आणि ओढ्यापलीकडे सोडून आलो. पण ती परत येणार. एकदा घरटं पाहिलेली धामण येतेच. म्हणून दोन्हीकडच्या झडपांना आतून पातळ फळ्या लावल्या आणि कडेने टेप मारली. अगदी मुंगी शिरणार नाही अशी. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

काम करताना काहीतरी आठवल्यासारखं झालं. काहीतरी मी एबिहाराला म्हणालो होतो, झडपांबद्दलच. मग फोन वाजला आणि राहिलं ते राहिलंच.

सरासरी एक पूर्णांक शेहेचाळीस. चार शतांश कमी. झोप लागत नाही.

६ जुलै

आढ्याजवळचा वायूचा इशारा देणारा डबा आज सकाळपासून तीनदा कोकलला. प्रत्येक वेळी आम्ही पाट्यांचं पाणी बंद करायला धावलो, आणि वर जाऊन बघतो तर काय, डब्याच्या जाळीवर विष्ठेचा थर! फळीवर कमी आणि डब्यावर जास्त, असला यांचा नेम. चौथ्यांदा कोकलून यंत्रणा आपोआप बंद पडली असती तर मोजणी गेली असती. एबिहारा जेवायला गेली असताना मी डबा पुसला आणि त्याला भाजीची प्लास्टिकची पिशवी घालून रबर लावलं. पिल्लं उडाली की काढीन. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने अर्धा तास नियम ऐकवले असते आणि वर तोंड पाडून बसली असती.

दुपारपासून डबा शहाण्यासारखा गप्प आहे. आकडा शून्य. साधी हालचालसुद्धा नाही.

१० जुलै, शुक्रवार

एबिहाराचं नवं टुमणं. पाट्यांकडचा मीटर जेवढा वायू दाखवतो त्या हिशेबाने टाकीत हायड्रोजन यायला हवा. दोन टक्के कमी येतोय.

"गाळणीचा पापुद्रा जुना झालाय," मी म्हटलं. "थोडा ऑक्सिजनबरोबर निघून जात असेल."

"मी ती बाजू तपासली. तिथे नाही."

"मग मीटर खोटा."

"कोणता? तुमचा की माझा?"

जीभ पाहा पोरीची. मी म्हटलं माझा खरा, कारण माझ्यावर दीड टक्का मोजायचाय. तिला हसू आलं नाही. तिचं म्हणणं, नवीन पावडरीमुळे वायू वाढला, दाब वाढला, आणि नळीच्या जोडातला रबर कुठेतरी दमला असेल. अर्धा दिवस बंद ठेवून सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बघू या. कुठे बुडबुडे आले की कळेल.

अर्धा दिवस बंद! मी तिला पंधरा जूनच्या फोनची आठवण दिली. बंद म्हणजे मोजणी रद्द. ती म्हणाली, "पण डबा शून्य दाखवतोय, तेवढं एक बरं आहे." मी हो म्हटलं.

आमच्याकडे एक पेटी असते. थोडक्यात निभावलेल्या गोष्टींच्या चिठ्ठ्या त्यात टाकायच्या आणि शुक्रवारी सगळ्यांनी मिळून वाचायच्या, सेन्सेईंना पाठवायच्या. आज पेटीत तिची चिठ्ठी होती. "पंखा बंद. झडपा बंद. दोन टक्के कुठे गेले कळत नाही." तीन ओळी. मी ती वाचली आणि खिशात घातली. सेन्सेईंनी वाचली असती तर त्यांना बंद करावंच लागलं असतं, नियम आहे. आता ती या वहीत आहे. अठ्ठावीस वर्षांत पेटीतली चिठ्ठी मी पहिल्यांदा काढली. लाज वाटते आहे. पण सरासरी एक पूर्णांक अठ्ठेचाळीस आहे.

१५ जुलै

फळीवर एक पिल्लू मरून पडलेलं. जखम नाही, पंख शाबूत, पोट भरलेलं. एबिहाराने त्याला चेस्टनटच्या झाडाखाली पुरलं आणि दिवसभर असं वागली, जणू मीच त्याला खाली ढकललं. पाचातलं एखादं जातंच.

१८ जुलै

जून-जुलैचा पावसाळा अखेर संपला. सकाळी नवालाच पत्रा हात लावू देईना. पाट्यांखाली बुडबुड्यांची नुसती शर्यत लागलीय, मी उभा राहून बघत बसलो. एवढं ऊन आणि एवढं पाणी, आणि माझी पावडर त्या दोघांना वेगळं करतेय. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. एक पूर्णांक एकसष्ट आजचा. सरासरी अखेर दीडवर!

एबिहाराचा हिशेब सात टक्क्यांवर गेलाय. कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "नुमाजिरी-सान, जितका जास्त वायू, तितका जास्त गायब. हे पापुद्र्याचं काम नव्हे. आणि मीटर उन्हाबरोबर खोटं बोलायला शिकत नाही."

"अगं, तुझा करार याच केंद्रावर आहे ना? मग पाच दिवस कळ काढ की. चोवीसला लोक गेले की खोली उकलून तुझ्या हातात देतो, काय धुंडायचं ते धुंड."

"तुम्हाला खरंच काळजी वाटत नाही?"

वाटते. पण कशाची वाटते ते मी नीट विचारत नाही स्वतःला. मी तिच्याशी तडजोड केली. ऊन गेल्यावर साबणाची चाचणी कर म्हटलं. तेव्हा पाट्या तशाही झोपलेल्या असतात, बंद करावं लागत नाही.

संध्याकाळी साडेसहा ते आठ, सगळ्या जोडांना तिने ब्रशने साबण लावला. एकही बुडबुडा नाही. ती जमिनीवर बसून म्हणाली, "ऊन नाही म्हणजे दाब नाही. बुडबुडे येणार कुठून?" मी म्हटलं, "चाचणी केली ना? झाली ना? मग वहीत लिही, चाचणी केली, गळती नाही." तिने लिहिलं. सही करायला मात्र पेन माझ्याकडे दिलं.

२१ जुलै

भिंगऱ्या आत जायला तयार नाहीत. नर-मादी दोघं बाहेर तारेवर बसून कलकलाट करतात, दारावरच्या काचेपर्यंत झेपावतात आणि माघारी फिरतात. चोचीत किडे तसेच. एबिहारा म्हणते यांना काहीतरी खटकतंय. मी म्हटलं, पिल्लांना बाहेर काढायची ही रीतच असते, उपाशी ठेवून बोलावतात. असं मी कुठेतरी वाचलंय. निदान वाचलंय असं वाटतं.

आज तिचा आकडा अकरा टक्के. माझा एक पूर्णांक त्रेसष्ट. आम्ही एकमेकांना आपापले आकडे सांगतो आणि चहा पितो.

२२ जुलै

चारही पिल्लं उडाली! मी अजून दोन-तीन दिवस धरून चाललो होतो. अजून धड उडता येत नाही, एक तर माझ्या टोपीवर आदळलं, पण खोलीत पुन्हा एकही गेलं नाही. हिसाएला फोन केला तर म्हणाली, "बघा, तुमच्या पाहुण्यांची तारीख त्यांनासुद्धा माहीत आहे." आज किती दिवसांनी मी मनापासून हसलो.

२३ जुलै, गुरुवार

झालं. संध्याकाळी सहा वाजता मोजणी बंद केली. तीस दिवस, सरासरी एक पूर्णांक त्रेपन्न.

मी तीनदा आकडेमोड केली. मग एबिहाराने केली, तिच्या त्या काटेकोर पद्धतीने, प्रत्येक दिवस वेगळा मांडून. तोच आकडा. सेन्सेईंना फोन लावला, पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पाट्या राहणार. मी पहिल्या रांगेतल्या पहिल्या काचेवर तळवा ठेवला, ऊन उतरलं होतं तरी ती अजून कोमट होती. एबिहारा म्हणाली, "रडा, रडा, मी तिकडे बघते." गुणी पोरगी आहे. महिनाभर मी तिला फार टाकून बोललो, तेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते वहीत लिहा आणि सही करा."

मग उद्याचं ठरवलं. पाहुणे दहाला. गाळणीची खोली त्याआधी माणसांत आणायची आहे. फळी काढायची, झडपांची टेप काढायची, जमीन धुवायची. डब्यावरची पिशवी तेवढी मी आल्यावर गुपचूप काढीन. दारावरची काच आज लावून घेतली, नाहीतर भिंगऱ्या परत शिरून दुसरं घर करायच्या.

ती म्हणाली, "मी सातला येते. आधी शिडी लावून झडपा उघडते."

"अगं, रात्रभर बंद खोली, विष्ठेचा वास, त्यात पत्र्याचा उकाडा. वर चढून घेरी येईल तुला. आधी पंखा लाव, खोली मोकळी होऊ दे, मग चढ."

"पंखा तुम्ही लावा ना. महिनाभर त्याच्यावरून भांडलो आपण."

"म्हणूनच तू लाव. खोली तुझी आहे. पहिला मान तुझा."

तिला ते आवडलं. दारातूनच बटणाकडे बोट दाखवून तिने रंगीत तालीम केली, "पंखा चालू, ठीक!" आणि गाडीत बसून गेली.

तिची चिठ्ठी अजून इथेच आहे. पाहुणे गेले की परत पेटीत टाकीन आणि काय केलं ते सगळ्यांसमोर कबूल करीन. निघताना बटणावरचा कागद सोडवून आणला. भिंगरीचं चित्र छान काढलंय, आठवण म्हणून या पानाला चिकटवला आहे.

मला उद्या पोहोचायला आठ होतील. वाटेत पाहुण्यांसाठी चेस्टनटची मिठाई घ्यायची आहे, दुकान साडेसातला उघडतं. एबिहाराला आवडते ती सालीसकट शिजवलेली, तिचा एक पुडा वेगळा बांधून घेईन.